लेकीसाठी फिरवलेलं घर

खुटबावहून केडगाव म्हणजे रेल्वेचं एकच स्टेशन. पॅसेंजर सुटल्यावर माणसानं बिडी पेटवली, तर ती संपायच्या आत केडगाव येतं. सोजरबाईची लेक अंजना तेवढ्याच अंतरावर, केडगावच्या ख्रिस्ती मिशनात राहत होती. आणि मोठ्या दुष्काळानंतर दोन सुगी उलटल्या तरी ती घरी आली नव्हती.

तिला कुणी अडवलं नव्हतं. बाप खंडू रेल्वेत कीमन होता. खांद्यावर हातोडा टाकून तो रोज खुटबाव ते केडगाव लाइनीनं चालत जायचा, रुळांच्या चाव्या ठोकत. घर भीमनगरात होतं, स्टेशनाच्या अलीकडं. पांढऱ्या मातीच्या भिंती, वर पत्रा. तोंड रेल्वेकडं आणि पाठ जयसिंग पाटलाच्या मळ्याकडं. पुढं बसायची खोली, मागं चूल. चुलीच्या खोलीला खिडकी नव्हती. भीमनगरात कुणाच्याच नव्हती.

अंजना लग्न करून शिरूरला गेली होती. जावई मच्छिंद्र एस.टी. डेपोत हेल्पर होता. पहिल्या आखाडाला ती माहेरपणाला आली तेव्हा नवऱ्यानं घेतलेली नायलॉनची साडी नेसून आली. निळ्या रंगाची, हातात धरली तर पाण्यासारखी निसटायची. शेजारपाजारच्या बायका पदराला हात लावून गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस लागून होता, सरपण ओलं होतं. सोजरबाई नळावर गेली होती. आईला आल्या आल्या चहा द्यावा म्हणून अंजनानं चूल पेटवायला घेतली. धुरानं डोळ्यांना काही दिसेना, तेव्हा कोनाड्यातली रॉकेलची बाटली काढून तिनं सरपणावर ओतली. जाळ एकदम अंगावर आला. ती साडी जळली नाही, वितळली. अंगाला चिकटली.

पुण्याच्या सरकारी दवाखान्यात ती थंडी सरेपर्यंत होती. जीव वाचला. मान, डावा खांदा आणि हात मात्र मेण ओतल्यागत झाले. मच्छिंद्र दोनदा येऊन गेला. तिसऱ्यांदा त्याचा चुलता आला आणि खाटेशी उभा राहून म्हणाला, "पोराचं सगळं आयुष्य पडलंय." पुढच्या लग्नसराईत मच्छिंद्रनं दुसरी केली.

अंजना माहेरी आली खरी, पण तिला घर सोसेना. सोजरबाई चूल पेटवायची आणि ही अनवाणी बाहेर पळायची, लाइनीच्या कडेच्या बाभळीखाली जाऊन बसायची. जेवण तिथंच नेऊन द्यायचं. एक दिवस ती म्हणाली, "आये, मी केडगावला जाते. मिशनात बाया ऱ्हात्यात, कामं करत्यात. माझ्यासारख्या हायत तिथं." आणि एक पिशवी घेऊन गेली.

तिथं तिला शिवणकामात घातलं, मग दवाखान्यात. धर्माचं कुणी विचारलं तर सांगायची, मी बुद्धाची हाय. बायांनी ते चालवून घेतलं. सोजरबाई महिन्यातून एकदा भेटायला जायची. आवारातल्या चिंचेखाली दोघी बसायच्या. अंजनाचं झंपर मनगटापर्यंत असायचं, मानेवरून पदर घट्ट.

"घरी ये की गं," सोजरबाई दर खेपेला म्हणायची.

"येईन, आये."

"कवा?"

अंजना चिंचेचं पान खुडत राहायची. एका खेपेला मात्र तिनं सांगून टाकलं. "तुमच्यावर राग न्हाई माझा. पर त्या घराचं नाव काढलं की मला त्यो अंधार दिसतो. त्यो धूर नाकात येतो. दारात पाऊल टाकलं की परत पेटल्यागत हुईल मला. तू मला बोलवू नगंस."

सोजरबाई घरी आली. दिवस मावळायला आला होता. ती चुलीच्या खोलीच्या उंबऱ्यात उभी राहिली आणि लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच तिनं ती खोली परक्या बाईसारखी पाहिली. काजळीनं काळी झालेली भिंत. पत्र्याखालच्या वाशांवरून लोंबणारी जळमटं, तीही काळी. भुईला टेकलेली चूल, तिच्या तोंडाशी लागून सरपणाचा ढीग, ढिगावर वाळायला टाकलेली चोळी. वरच्या कोनाड्यात चिंधीची वात घातलेली चिमणी आणि तिच्या शेजारी रॉकेलची बाटली. तीच बाटली. दुसरी आणायचं कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं.

"ही खोलीच जळायला टेकलेली हाय," ती मोठ्यानं म्हणाली. ऐकायला घरात कोणी नव्हतं.

तिनं बाटली उचलली, शेजारच्या तानुबाईला दिली, आणि परत रॉकेलची बाटली घरात ठेवायची नाही, दिव्यापुरतं तेवढं तिच्याकडून आणायचं असं ठरवलं. सरपण बाहेर नेऊन पडवीत रचलं. एवढं झालं, पण धूर होता तिथंच होता.

त्या हिवाळ्यात दौंडच्या पंचायत समितीतून गिताबाई नावाची ग्रामसेविका गावात आली. शाळेच्या पटांगणात तिनं बायका जमवल्या आणि मातीची एक चूल करून दाखवली. तोंड लहान, वर दोन भांडी बसायची जागा, आणि मागून धूर जायला नळ. बायका हसल्या. चुलीला शेपूट कशाला म्हणाल्या. हळूहळू एकेक जण उठून गेली. सोजरबाई बसून राहिली.

"बाई, ह्याच्यातनं जाळ भाईर येत न्हाई?"

"जाळ आतच राहतो. म्हणून सरपणही निम्मं लागतं. पण चूल जमिनीवर घालू नका, कमरेएवढा ओटा करा. पदर खाली लोंबतो आणि जाळापाशी जातो, तिथंच घात होतो." गिताबाई थांबली. सोजरबाईचा चेहरा पाहून तिनं विचारलं, "तुमच्या घरात झालंय का काही?"

"व्हय," सोजरबाई म्हणाली. "मला परत एकडाव दावा. पयल्यापासनं."

रात्रीच्या भाकरीला खंडू बसला तेव्हा तिनं विषय काढला. चूल नवी घालायची, ओटा करायचा, मागच्या भिंतीला खिडकी पाडायची. खंडू मितभाषी माणूस. लेक गेल्यापासून तिचं नावही त्यानं घरात काढलं नव्हतं. सोजरबाईला वाटायचं, ह्याच्या काळजाचा दगडच झालाय.

"चूल बदलली म्हंजी ती येईल व्हय?" तो म्हणाला.

"न्हाई आली तर न्हाई. पर तिनं यावं म्हनायला मला तोंड तरी ऱ्हाईल."

खंडूनं तांब्यातलं पाणी पिऊन टाकलं आणि उठला.

मागची भिंत पाटलाच्या बांधाला लागून होती, तेव्हा विचारल्याशिवाय खिडकी पाडणं बरं नव्हतं. सोजरबाई सुगीला त्याच्याच मळ्यात कामाला जायची. ती जाऊन उभी राहिली. जयसिंग पाटील सोसायटीचा चेअरमन होता, विहिरीच्या थारोळ्यावर बसला होता.

"आप्पा, चुलीच्या खोलीला एक झरोका काढायचाय, मागल्या अंगाला. धूर लई हुतो."

"तिकडं माझी विहीर हाय."

"विहीर लांब हाय की, आप्पा. नुसता हातभर झरोका."

"आज हातभर, उद्या दार. मग वाट मागशील. भिंत हाय तशी ऱ्हाऊ दे, सोजरे." तो रागानं बोलला नाही. पावसाचा अंदाज सांगावा तसं बोलला, आणि मोटेकडं वळला.

सोजरबाई घरी येऊन दाराशी बसली. खंडू कामावरून आला. तिनं झालेलं सांगितलं. तो दारात उभा राहून समोर पाहू लागला, लाइनीकडं. मग त्यानं हातोडा खाली ठेवला.

"पाठीला खिडकी नगं," तो म्हणाला. "घरच फिरवू. चूल पुढं आनू. हितं उजेड हाय, वारं हाय, आन् म्होरं रेल्वेची पडीक जागा. बसायचं-निजायचं मागं नेऊ."

"दारात चूल? लोक काय म्हनतील?"

"म्हनू देत. आन् धुराचा नळ वर काढू, पत्र्यातनं. आभाळ काय कुनाच्या बापाचं न्हाई."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सोजरबाईनं त्याला एका दमात एवढं बोलताना पाहिलं नव्हतं.

रविवारी त्यानं पुढच्या भिंतीत दोन खिडक्या पाडल्या, एक लाइनीकडं, एक उगवतीला. भीमनगरातली माणसं पाहायला जमली. जालिंदर नावाचा शेजारी म्हणाला, "खंडूभाऊ, घराचं तोंड काळं करून घ्यायला निघालास." खंडू हातोडा चालवत राहिला. मग जालिंदरनंच पहार उचलली आणि दुसऱ्या खिडकीला हात लावला.

नळाचं सोजरबाईनं वेगळं मनात धरलं होतं. अंजनाची लग्नातली भांडी शिरूरला तशीच पडली होती. तिला विचारलं तर ती म्हणाली होती, "मला त्यातलं काय नगं. तुला नेयाचं तर ने." सोजरबाई चौफुल्यावरून न्हावऱ्यामार्गे जाणाऱ्या एस.टी.त बसली आणि शनिवारच्या बाजारी शिरूरला उतरली. डेपोमागच्या गल्लीत जावयाचं घर. दार एका कोवळ्या पोरीनं उघडलं. पोटुशी होती. तिनं ओळखलं असावं, कारण तिचा चेहरा पडला.

"भांडी न्यायला आलीया," सोजरबाई म्हणाली. "बाकी काय न्हाई."

पोरीनं आतून हंडा, कळशी, परात आणून उंबऱ्याशी ठेवली. सगळी लख्ख घासलेली. मग ती आतली भाकर फिरवायला पळाली. दारातून धूर येत होता, पोरगी खोकत होती, पदर खांद्यावरून सुटून चुलीपुढं लोंबत होता. सोजरबाई परत निघाली होती, ती थांबली.

"पोरी, पदर खोच."

"आं?"

"कमरंला खोच घट्ट. आन् रॉकेल वतून चूल पेटवू नगंस कवाच."

पोरीनं पदर खोचला. सोजरबाई गल्लीच्या तोंडाशी आली तरी तिच्या स्वतःच्या डोळ्यांतलं पाणी थांबलं नव्हतं. ते कुणासाठी होतं, ते तिलाही सांगता आलं नसतं.

बाजारात तिनं हंडा मोडीत घातला आणि त्या पैशांत सिमेंटचा एक लांब नळ घेतला. एस.टी.चा कंडक्टर म्हणाला, "बाई, हे काय तोफ घेऊन निघालाय?" नळ टपावर चढवायला त्यानंच मदत केली. चौफुल्यावर खंडू बैलगाडी मागून घेऊन उभा होता. दोघं नळाच्या दोन बाजूंना बसून घरी आले.

कमरेएवढ्या ओट्यावर घातलेली पहिली चूल फसली. माती नुसती काळी होती, वाळताना तडकली. दुसरीत तिनं घोड्याची लीद आणि भाताचा भुसा मिसळला. खंडूनं लाइनीच्या कडेला पडलेली इंजिनातल्या जळक्या कोळशाची खर आणली, ती कुटून घातली. ही चूल धरली, पण पश्चिमेचं वारं सुटलं की धूर नळातून उलटा घरात यायचा. शेजारणी दारात येऊन हसायच्या. सोजरबाई डोळे पुसत गिताबाईची वाट पाहायची. गिताबाई आली, वर पाहिलं आणि म्हणाली, "नळ पत्र्याच्या वर अजून हातभर काढा, आणि डोक्यावर पत्र्याची टोपी घाला." खंडूनं डालड्याच्या डब्याची टोपी केली. त्या संध्याकाळी नळातून पांढरा धूर सरळ वर गेला आणि घरात फक्त भाकरीचा वास राहिला. सोजरबाई चुलीपुढं उभी होती, बसलेली नव्हती. तिला आपण कुणाच्या तरी घरी पाहुणी आलोय असं वाटलं.

मग तिचा हात थांबेना. भिंती चुन्यानं पांढऱ्या केल्या. चिमणी मोडून काचेचा कंदील आणला आणि हात पोहोचेल पण पदर पोहोचणार नाही अशा उंचीवर खिळ्याला टांगला. चुलीच्या उजव्या अंगाला पाण्याची बादली कायमची ठेवली. ती रिकामी दिसली की खंडूही बोलायचा. मोरीचं पाणी चर खणून घराच्या उन्हाच्या बाजूला नेलं. तिथं पपई लावली, कढीपत्ता लावला, आणि दुध्याचा वेल दोरीनं पत्र्यावर चढवला. चैतात जिथं पत्रा तापून दुपारी घरात थांबवत नसे, तिथं वेलाखाली आता डोळा लागायचा. तानुबाई दुपारची निजायला यायची आणि म्हणायची, "सोजर, तुझ्या घरात झाडाखाली निजल्यागत वाटतंय."

हे सगळं सोजरबाई मनात एकाच माणसाला दाखवत होती. ओटा सारवताना वाटायचं, हितं तिला टेकता येईल. खिडकी पुसताना वाटायचं, दम कोंडला तर ती हितं उभी राहील. स्वयंपाक करताना समोरून पॅसेंजर जायची, केडगावकडं, आणि तिचा हात पिठात तसाच राहायचा.

सगळं होऊन ती मिशनात गेली तेव्हा चिंचेला कोवळी पालवी होती. कसं सांगावं ह्याची वाटभर जुळवाजुळव केली होती. "अंजने, मी घरात जरा..." तिनं सुरुवात केली.

"ठावं हाय मला," अंजना म्हणाली. "चूल पुढं आनली. दोन खिडक्या. नळाला डब्याची टोपी. वेल पत्र्यावर गेला. पपईला फुलं आली का गं?"

सोजरबाई पाहतच राहिली. "तुला कुनी सांगितलं?"

"आबांनी."

"आबांनी?"

"ते येत्यात की. त्यांची लाइन हितंच संपती न्हवं? दर दोन-चार दिसांनी कुंपणाशी येत्यात. आत येत न्हाईत. मी पानी नेऊन देते, तवा बोलत्यात." अंजना हसली. "पयलं वरीसभर तर नुसतं पानी पिऊन जायचे. आता चुलीचं सांगत्यात. तडकली म्हनून सांगतानी डोळं भरलं त्यांचं."

सोजरबाईला रोज रात्री मुकाट भाकर खाणारा खंडू आठवला. ह्या माणसाच्या शेजारी ती इतकी वर्षं निजत होती. दोघं एकाच माणसाची आठवण काढत होती, एकाच पत्र्याखाली, आणि एकमेकांपासून लपवत होती.

"मग येशील का?" शेवटी तिनं विचारलं.

अंजनानं मानेवरचा पदर सारखा केला. "वैशाखी पुनवंला सुट्टी असती," ती म्हणाली.

पुनवेच्या दिवशी खंडूनं रजा टाकली. सकाळपासून तो स्टेशनवर जाऊन बसला. सोजरबाईनं बुद्धाच्या तसबिरीपुढं फुलं ठेवली, अंगण झाडलं, परत झाडलं. गाडी आली आणि गेली. मग वाटेनं दोघं येताना दिसली, बाप पुढं, लेक मागं, मध्ये बरंच अंतर ठेवून. भीमनगरातल्या बाया दारात उभ्या होत्या. तानुबाई तेवढी म्हणाली, "जयभीम, अंजने," आणि आत वळली, कारण तिला रडू आलं.

अंजना अंगणात थांबली. खिडकीतून आत पाहिलं. मग नळ जिथून बाहेर आला होता तिकडं पाहिलं, वेलाकडं पाहिलं. सोजरबाई चुलीपाशी उभी होती. चूल पेटवलेली नव्हती; पेटवावी की नाही, हेच तिला कळत नव्हतं.

"आये, च्या न्हाई का टाकला?"

"टाकते की. तू मागल्या खोलीत बस पायजे तर. दार लावून घे."

अंजना उंबऱ्यापर्यंत आली. झंपराच्या बाह्यांवरूनच तिनं दोन्ही हात आवळून धरले होते. खंडू अंगणात पाठ करून उभा राहिला. ती आत आली. खिडकीपाशी गेली, गज धरला, बाहेर तोंड करून उभी राहिली. मग वळली.

"सरपण कुठं असतं?"

"पडवीत. मी आनते."

"मी आनते."

तिनं चार काटक्या आणल्या, बारीक, वाळलेल्या. चुलीच्या लहान तोंडात एकेक सरकवली. काडी ओढली, ती विझली. दुसरी मोडली. सोजरबाईनं आपला हात पुढं केला आणि तसाच हवेत धरून ठेवला, लावला नाही. तिसरी काडी पेटली. काटक्यांना लागली. जाळ आत गेला. अंजना एक पाऊल मागं सरली, तोंडावर हात धरला, आणि तिथंच उभी राहिली. पळाली नाही. चुलीच्या तोंडाशी फक्त लाल उजेड दिसत होता. वर नळात बारीक सूं सूं आवाज होत होता.

"धूर कुठं गेला?" ती म्हणाली, लहान मुलीनं विचारावं तसं.

"वर गेला," अंगणातून खंडू म्हणाला. "सगळा वर चाललाय."

चहा तिनंच केला. तिघं अंगणात बसून प्यायले. दुपारी तिनं भाकरीही थापली, एकच, आणि वाकडी झाली म्हणून हसली. सोजरबाईनं मागच्या खोलीत नवी गोधडी अंथरून ठेवली होती. जेवण झाल्यावर अंजना तिच्यावर पडली आणि वेलाच्या गारव्यात शांत झोपली. सोजरबाई उशाशी बसून तिच्याकडं पाहत राहिली. झोपेत पदर सरकला होता, मानेवरचा व्रण दिसत होता. तिनं तो झाकला नाही. तिला वाटलं, आता झालं. आता आली माझी लेक.

उन्हं कलल्यावर अंजना उठली, तोंड धुतलं, केस विंचरले आणि पिशवी घेतली.

"हे काय?" सोजरबाई म्हणाली.

"साडेपाचाची पॅसेंजर हाय न्हवं?"

"ऱ्हात न्हाईस?"

अंजना तिच्याजवळ आली. "आये, दवाखान्यात मला बाळंतिणींच्या खोलीत घेतलंय. रातची पाळी असती. शेजारच्या खोलीत दोन बाया हायत, माझ्यावानी भाजलेल्या. एक तर कुनाला हात लावू देत न्हाई, फकस्त मला देती. मी न्हाई गेले तर ती पट्टी बदलू देनार न्हाई."

"मग हे घर मी कुनासाठी केलं?" सोजरबाईच्या तोंडून गेलं. गेल्यावर तिनं पदर तोंडाला लावला.

अंजना रागावली नाही. "माझ्यासाठीच केलंस. म्हनून तर आले. आता येत जाईन. पर माझं घर तिथं झालंय, आये. तुझ्यापासनं लांब व्हावं म्हनून न्हवं. झालंय."

खंडू पिशवी घेऊन पुढं निघाला. सोजरबाई स्टेशनवर गेली नाही. तिनं चुलीतला विस्तव राखेखाली ढकलला, भांडी घासली. गाडीची शिट्टी झाली तेव्हा तिनं खिडकीकडं पाठ केली होती.

अंजना त्यानंतर येत राहिली. पुनवंला, कधी भीमजयंतीला, कधी उगाच दुपारची. राहिली कधीच नाही. सोजरबाईनं गोधडीची घडी करून कोपऱ्यात ठेवली आणि ती आली की अंथरायची.

पुढच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी एका दुपारी पाटलाची बायको साखरबाई भीमनगरात आली. पाटलाच्या घरची बाई त्या वाटेनं कधी येत नसे. डोळे लाल, सुजलेले. दारातच उभी राहून तिनं नळाकडं पाहिलं.

"सोजर, मळ्यातनं रोज दिसतोय तुझा धूर वर जाताना," ती म्हणाली. "मला डोळ्यानं आता धड सुईत दोरा ओवता येईना. दवाखान्यातली अंजनाच म्हनाली, धुरानं झालंय, आमच्या आयेकडं जा."

"अंजना म्हनाली?"

"तिनंच डोळं धुतलं माझं. लई हलका हात हाय पोरीचा." साखरबाई अडखळली. "माझ्या घरी घालून देशील का तसली चूल? का कसं करायचं ते सांगून देतीस?"

सोजरबाईनं विचार केला. पाटलाच्या वाड्यात तिनं आजवर अंगणाच्या पुढं पाऊल टाकलं नव्हतं. पाणीसुद्धा वरून ओंजळीत.

"वहिनी, चूल अंगनातनं घालता येत न्हाई," ती म्हणाली. "सैपाकघरात यावं लागंल मला. माती माझ्या हातानं लागंल."

साखरबाईनं मागं मळ्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "आमचे आप्पा बुधवारी सोसायटीच्या कामानं दौंडला जात्यात. बुधवारी ये." आणि निघाली. चार पावलं गेल्यावर तीच परत वळली. "न्हाई. कवाबी ये. ते असतानी ये."

सोजरबाई गेली. जयसिंग पाटील ओसरीवर बसला होता. तिच्या डोक्यावर मातीची पाटी पाहिली, बायकोकडं पाहिलं, आणि पायांत वहाणा घालून मळ्याकडं निघून गेला. स्वयंपाकघर मोठं होतं आणि भिंती तिच्या जुन्या खोलीइतक्याच काळ्या होत्या. साखरबाई पाणी ओतत गेली, सोजरबाई माती मळत गेली.

"लेक ऱ्हायला येती का गं आता?" मधेच साखरबाईनं विचारलं.

"ऱ्हात न्हाई. येती आन् जाती."

"वाट बघतीस?"

सोजरबाईनं चुलीचं तोंड बोटानं गोल केलं. ओल्या मातीवर हात फिरवून ते गुळगुळीत केलं.

"रोज," ती म्हणाली. "वहिनी, अजून थोडं पानी वता."